पेणहून आलेला नेफ्रॉन

"बाई, डोळे कुठं आखायचे ते तेवढं सांगा," पोपट म्हणाला, आणि ब्रश कानामागे खोचून लतिकाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला.

पेणच्या त्या कारखान्यात चहूबाजूंनी गणपती बसले होते. माघी गणेशजयंती तोंडावर आली होती. काहींच्या अंगाला अजून रंग नव्हता, काहींचे दागिने वाळत होते, आणि या सगळ्यांच्या मधोमध एका पाटावर लतिकाबाईंचा नेफ्रॉन उभा होता. माणसाच्या मूत्रपिंडात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशा ज्या लाखो गाळण्या असतात, त्यातली ही एक गाळणी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चांगली अडीच फूट करून घेतलेली.

"डोळे नसतात हो त्याला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच एवढा हळू, की पोपटला पुढे वाकावं लागलं.

"डोळे नाहीत, हात नाहीत, आणि सोंड मात्र एवढी लांब!"

"सोंड नाही ती. हेन्लेचा वळसा. इथून नळी खाली जाते आणि वळून परत वर येते. जाता येता आपल्या कामाचं पाणी, मीठ परत रक्तात जातं. नाहीतर दिवसाला दीडशे-पावणेदोनशे लिटर बाहेर टाकावं लागलं असतं माणसाला."

"अरे देवा. मग माणसानं कामं कधी करायची?" पोपटने हात जोडले, नक्की कोणाला ते कळलं नाही.

एवढं होऊनही त्याने एक घोटाळा करून ठेवलाच होता. नेफ्रॉनच्या डोक्याशी एक वाटी असते आणि त्या वाटीत केसासारख्या रक्तवाहिन्यांचा एक गुंता बसलेला असतो. त्या गुंत्यात रक्त आणणारी नळी जाड असते आणि नेणारी बारीक. पोपटने दोन्ही नळ्या अगदी मापून सारख्या केल्या होत्या, वर दोन्हींना वाकीसारखी सोनेरी कडी चढवली होती.

"एक जाड, एक बारीक असं चित्र दिलं होतं मी."

"दिलं होतं. मला वाटलं तुमचा हात हलला. बाई, देवाचा एक दंड जाड नि एक बारीक केला तर गिऱ्हाईक मला दारात उभं करील का?"

लतिकाबाई म्हणाल्या, "देवळात आत यायचं दार रुंद असलं आणि बाहेर पडायचं चिंचोळं, तर गाभाऱ्यापुढे काय होतं?"

"रेटारेटी. माणूस जाळीला चिकटतो."

"तसंच रक्त जाळीला चिकटतं. त्या रेट्यानेच पाणी गाळून पलीकडे वाटीत पडतं. दोन्ही दारं सारखी केलीत तर तो रेटा कुठून येणार?"

पोपटने मान डोलावली, ओल्या शाडूचा गोळा घेतला आणि एक दंड जाड करून दिला. सोनेरी कडी मात्र काढायला तो तयार झाला नाही. आणि सोमवारी सकाळी टेम्पोत चढवताना त्याने आपल्या कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे नेफ्रॉनला केशरी रेशमी कापड गुंडाळलं, वर नाडी बांधली, आणि टेम्पोवाल्याबरोबर पाट उचलताना मोठ्याने "मोरया!" म्हटलं. उघड्या तोंडाने त्याच्या कारखान्यातून आजवर कोणी बाहेर पडलं नव्हतं.

*

शाळा रोह्याच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. लतिकाबाई तिथे विज्ञान शिकवीत. रोज पहाटे तुळशीला पाणी, मंगळवारी उपास, चातुर्मासात एकभुक्त. आणि दर सोमवारी दुपारी बारापर्यंत मौन. ही सोमवारची गोष्ट शाळेने केव्हाच अंगवळणी पाडून घेतली होती. बाई फळ्यावर लिहीत, पोरं वाचत. उलट पोरांना सोमवारचा तास आवडायचा, कारण फळ्यावरून रागावता येत नाही.

प्रदर्शन सोमवारी ठेवलं ते शालेय समितीचे अध्यक्ष शरददादा यांनी. आणि हा नेफ्रॉन बाईंनी करवून घेतला तोही खरं तर शरददादांसाठीच.

गोष्ट अशी होती. शाळेच्या मागच्या बाजूला मुलींचं स्वच्छतागृह होतं. म्हणजे होतं. मागच्या गणेशोत्सवानंतर शरददादांच्या मंडळाला सामान ठेवायला जागा हवी होती. मंडपाचे पाईप, मखराचे तुकडे, भोंगे, एक मोठा प्लास्टरचा उंदीर. सगळं "चार दिवस" म्हणून तिथे गेलं. दाराला कुलूप लागलं, किल्ली दादांच्या जुडग्यात गेली, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. मुलींनी मग आपली वाट काढली. त्या सकाळपासून पाणीच पीत नसत. नववीतली तनया त्यातलीच. दिवाळीनंतर तिला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप, मग रोह्याच्या दवाखान्यात सलाईन. बाई भेटायला गेल्या तेव्हा तिची आई म्हणाली होती, "आता परीक्षेपुरतीच पाठवीन, बाई. शिकून करायचं काय, पोरीचं आतडं-कातडं तिथंच गेलं तर?" तनयासारख्या आणखी चार-पाच जणींच्या आया तेच बोलू लागल्या होत्या.

बाईंनी दादांना तीनदा सांगून बघितलं. दादा प्रत्येक वेळी, "बघू, बघू," म्हणाले. तिसऱ्यांदा हसून म्हणाले, "अहो बाई, सवयीचा प्रश्न असतो. मनावर ताबा पाहिजे."

तेव्हा बाईंनी ठरवलं होतं, की प्रदर्शनात बारा वाजता मौन सुटलं की दादांना नेफ्रॉनसमोर उभं करायचं आणि शांतपणे समजावून सांगायचं, की हे काम मनाच्या ताब्यात नसतं. तनयाच्या आईने प्रदर्शनापर्यंतचीच मुदत दिली होती; आज दार उघडलं नाही तर तनया उद्यापासून येणार नव्हती.

*

दादा साडेदहाला आले. रेशमी कुर्ता, वर जाकीट, कपाळाला गंध. थंडी चांगलीच होती. त्याआधी दोन ठिकाणी त्यांचे सत्कार झाले होते, एकीकडे उसाचा रस, एकीकडे चहा. वर्गात शिरताच टेबलावरचं ते केशरी कापड त्यांच्या नजरेस पडलं. वर गोल डोकं, मध्ये ऐसपैस पोट, आणि पुढे लांब उतरलेला आकार.

"वा! वा! माघी गणपती शाळेत! बाई, आधी सांगायचं तरी!" दादांनी चपला दारातच सोडल्या. "पेणचा ना? कापड बघूनच ओळखलं मी."

लतिकाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"बाईंचं मौन हाय दादा, बारापातुर," हौसा म्हणाली. हौसा शाळेत खिचडी शिजवायची, घंटा द्यायची, आणि कुणी विचारलं नाही तरी आपलं मत द्यायची.

"मौन? व्वा! मग तर फारच शुद्ध झालं सगळं." दादांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "भर बाराचा मुहूर्त. बारालाच कापड काढायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि मी, हौसा पाणी आण गो जरा, मी संकल्पच सोडतो. कापड निघेपर्यंत हे आसन सोडणार नाही."

त्यांनी खरंच तळहातावर पाणी घेऊन सोडलं, आणि मुख्याध्यापकांची खुर्ची ओढून नेफ्रॉनसमोर ठाण मांडलं.

मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीला गेले होते, बाकीचे शिक्षक आपापल्या वर्गात आपापले ज्वालामुखी सांभाळत होते. इथे फक्त नववीची पोरं. कापडाखाली काय आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. तनयाने वळून नुसते डोळे वटारले, तशी शांतता झाली.

लतिकाबाईंच्या हातात खडू होता. मागे फळा होता. 'दादा, हा गणपती नाही' एवढंच लिहायचं. त्या फळ्याकडे वळल्यासुद्धा. आणि तेवढ्यात हौसाने दादांसमोर कोकम सरबताचा पेला धरला.

"घ्या दादा. ताजं हाय."

"आण, आण. दोन सत्कारांत रस झाला, चहा झाला, पण डॉक्टरांनी ती पाण्याची गोळी दिलीय ना रक्तदाबावर, सकाळी घेतली की घसा कोरडा पडतो बघ."

बाईंचा खडू फळ्याला टेकला आणि थांबला. 'अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी,' त्यांच्या मनात आलं. 'गोळी, चहा, रस, थंडी आणि कोकम.' त्यांनी वळून दादांकडे पाहिलं. मग, आपलं काय चाललंय याचा फार विचार न करता, फळ्यावर एक सुबक 'श्री' काढला, त्याखाली 'विज्ञान प्रदर्शन' लिहिलं, आणि खडू ठेवून दिला.

देवा, हे खोटं झालं का? त्यांनी मनातल्या मनात विचारलं. मी तर काही बोललेच नाही. देवाने या बाबतीत काही उत्तर दिलं नाही. बहुधा त्यालाही पुढचं बघायचं होतं.

"काय गो पोरी," दादांनी तनयाला विचारलं, "कसा आहे बाप्पा? उजव्या सोंडेचा की डाव्या?"

"कापड निघाल्यावर कळंल की दादा," तनया म्हणाली. "पाणी देऊ?"

"दे."

हे दुसरं. मग हौसाचा दुसरा पेला आला. मग कोणाच्या तरी वडिलांनी शहाळं पाठवलं, ते दादांना नाही म्हणवेना. नाही म्हणणं हे अध्यक्षांच्या स्वभावात नव्हतंच, स्वच्छतागृहाचा विषय सोडला तर.

लतिकाबाई भिंतीशी हात जोडून उभ्या होत्या. लांबून कोणालाही वाटलं असतं, बाई नामस्मरणात आहेत. पण त्यांचं सगळं लक्ष दादांच्या बरगड्यांच्या मागे, आत, खूप आत गेलं होतं. तिथे दोन्हीकडच्या लाखो वाट्यांमध्ये रक्त रुंद दारातून शिरत होतं आणि चिंचोळ्या दारापाशी तुंबत होतं. वाटीतल्या पेशी बोटांत बोटं गुंफून बसलेल्या. त्या गुंफलेल्या बोटांच्या फटींतून पाणी झिरपत होतं, आणि रक्तातल्या पेशी मात्र अलीकडेच राहत होत्या. नळीच्या वळशावर नेहमी मीठ परत घेणारे कामगार असतात. आज गोळीने त्यांचे हात बांधले होते. मीठ नळीतच राहिलं, आणि मीठ जिथे राहतं तिथे पाणीही राहतं. मग थेंब थेंब खाली. मूत्रवाहिनी गिळल्यासारखी एक एक लाट देत होती आणि थेंब पुढे ढकलत होती.

कॉलेजात असताना सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी मूत्राशयाचं अस्तर बघितलं होतं. पिशवी रिकामी असताना वरच्या थराच्या पेशी टम्म, घुमटासारख्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. पिशवी भरत गेली की त्याच पेशी ताणून चपट्या होतात, पसरतात, पण एक थेंब आतून रक्तात परत जाऊ देत नाहीत. किती सोशिक पेशी, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. पण सोसण्यालाही सीमा असते. तनयाच्या पेशींनी महिनोन् महिने सोसलं होतं.

सव्वाअकराला दादांनी उजवा पाय डाव्यावर टाकला.

जरा वेळाने डावा उजव्यावर.

"थंडी आहे नाही आज?" ते म्हणाले.

"हाय की," हौसा म्हणाली. "चा टाकू?"

"नको!" दादा एवढ्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरची मनाली दचकली. "म्हणजे, नको. एखादी आरती म्हणू या. उभ्याने."

आरती सुरू झाली. दादा इतक्या जलद टाळ्या वाजवत होते की पोरांना दम लागला. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर; बघणाऱ्याला वाटावं भक्तीचा भर आलाय. बाई डोळे मिटून टाळ्या वाजवत होत्या. मूत्राशयाच्या तोंडाशी दोन झडपा असतात. आतली आपलं ऐकत नाही, ती आपल्या वेळेला सैल पडते. बाहेरची तेवढी आपल्या ताब्यात. शरददादांचं अध्यक्षपद, रेशमी कुर्ता आणि गेल्या तीन निवडणुका या घडीला त्या एका बाहेरच्या झडपेवर तोलून होत्या.

आरती संपली. दादांनी घड्याळ बघितलं. पावणेबारासुद्धा झाले नव्हते. त्यांनी हौसाला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी विचारलं.

हौसाला कानात बोलता येत नसे. "स्टाफची मुतारी ना? तिचा पाईप कवाच फुटला. तुमाला सांगितलं व्हतं दसऱ्याला. पोरं तर शेतातच जातात."

"हळू बोल गो! आणि समोर, शेतात?"

"शेतात आयाबाया बसल्यात पोरांचं प्रदर्शन बघायला आलेल्या. जावा, त्या नमस्कार करतील तुमाला."

दादांच्या कपाळावर थंडीत घाम आला. "मग मुली... मुली कुठे जातात?"

तनया उभी राहिली. ती म्हणाली, "आमी जातच नाय दादा. किल्ली तुमच्याकडं हाय."

दादांनी तिच्याकडे बघितलं. मग कापडाकडे. मग हात जोडून, डोळे घट्ट मिटून, "देवा, क्षमा कर रे," असं म्हणाले आणि संकल्प, आसन, मुहूर्त सगळं टाकून, चपला न घालता, किल्ल्यांचं जुडगं खिशातून ओढत मागच्या बाजूला निघाले. धावले असं म्हणता येणार नाही. धावणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते लहान लहान पावलांनी, गुडघे जुळवून, फार वेगाने चालले.

अख्खी नववी मागोमाग.

कुलूप गंजलं होतं. दादांनी किल्ली घातली, पिळली, कुलपाला आणि कुलूप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना काहीतरी म्हणाले. कुलूप सुटलं. दार ओढलं मात्र, आणि मंडपाचे पाईप खणखणत बाहेर आले. त्यांच्या मागून दोन भोंगे. आत जायला मांजरालाही वाट नव्हती.

"अरे काढा! काढा हे!" दादा स्वतःच मखराचा खांब ओढू लागले. "बघता काय, हात लावा!"

सांगायचा अवकाश होता. पोरं तर कधीची वाट बघत होती. तनया मध्ये उभी राहून फर्मान सोडत होती: "पाईप व्हरांड्यात! मखर झाडाखाली! मनाली, तू उंदराचे कान धर, शेपूट आदीच तुटलंय!" बघता बघता उंदीर बाहेर येऊन कुंपणाशी बसला आणि दादा आत गेले. हौसाने पाठोपाठ पाण्याची बादली दाराशी सरकवली.

"हौसा!" आतून ओरडा आला. "कडी कुठंय?"

"कडी नाय."

"म्हणजे?"

"तुमच्या मानसांनी गणपतीच्या आदीच मंडपाला काढून नेली. दार पायानं धरून ठेवा दादा. पोरी तसंच करायच्या."

आतून दाराला पाय लागल्याचा आवाज आला. बाहेर सगळी नववी दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. तेवढा मान त्यांनी दिला.

*

बाराची घंटा हौसाने दिली. दादा वर्गात परत आले होते. चेहरा धुतलेला, ओलसर, पाच-दहा वर्षांनी लहान दिसणारा. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. "आसन मोडलं माझं," ते पुटपुटले. "पण देव समजून घेतो."

लतिकाबाईंनी पुढे होऊन नाडी सोडली आणि कापड खाली ओढलं.

लाल गुंता, पांढरी वाटी, पिवळी नागमोडी नळी, वळसा, आणि दोन सोनेरी कडी.

दादा बघत राहिले. वर, खाली, पुन्हा वर. "हे... काय आहे?"

"नेफ्रॉन," बाई म्हणाल्या. सकाळपासूनचा तो पहिला शब्द, नेहमीइतकाच हळू. "मूत्रपिंडातली गाळणी, दादा. तुमच्या दोन्ही बाजूंना अशा लाखो आहेत. सकाळपासून त्यांचंच काम चाललं होतं."

मागच्या बाकावरून हसू फुटलं ते आता कोणाच्या वटारण्याने थांबणारं नव्हतं. दादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हात कमरेवर गेला. व्हरांड्यात पडलेल्या सामानाकडे त्यांची नजर वळली. हा माणूस आता एका शब्दात सगळं परत आत भरायला लावू शकत होता. अपमान झालेला माणूस काय करील सांगता येत नाही.

"तुम्हाला माहीत होतं," दादा म्हणाले. "आणि तुम्ही मला त्याची आरती करू दिलीत."

"हो."

"मौन होतं म्हणून?"

लतिकाबाईंना हो म्हणता आलं असतं. त्यांनी पदर सारखा केला. "मौन होतं. पण खडू हातात होता. मी लिहिलं नाही. ती माझी लबाडी, तिचं प्रायश्चित्त मी घेईन. उद्याचा उपास आहेच, परवाचाही धरेन."

दादांनी जाकिटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं.

"तुम्हाला सव्वा तास झाला, दादा," बाई तशाच हळू आवाजात पुढे म्हणाल्या. "या मुली साडेदहाला येतात आणि पाचला सुटतात. तुम्ही म्हणालात मनावर ताबा पाहिजे. ही नळी बघा. हिला मन कुठे जोडलंय ते मला दाखवा, मी मुलींना तसं शिकवते."

दादांनी खरंच बघितलं. खाली वाकून, जाड नळीपासून बारीक नळीपर्यंत, वळशाच्या तळापर्यंत. मग ते सरळ झाले आणि विषय बदलल्यासारखं एकदम तनयावर खेकसले, "आणि आत कडी नाही, हे कोणी सांगायचं? माणसाने एका पायाने दार धरायचं म्हणजे काय! पडलो असतो मी!"

"व्हय दादा," तनया म्हणाली.

"रोह्याहून सुतार बोलावतो. आजच. आणि नळाला पाणी नाही! बादलीने काय होतंय?" त्यांचा आवाज चढत चालला, जणू ही सगळी हयगय दुसऱ्याच कुणाची तरी. ते बोलत बोलत व्हरांड्यातून मागच्या बाजूला गेले, खिशातून फोन काढला आणि मंडळाच्या कुणाला तरी लावला. "टेम्पो घेऊन ये. शाळेत. नाय, उद्या नाय, आत्ता... ठेवायचं कुठं? माझ्या घरी ठेव! माडीवर!... बायको ओरडंल तर ओरडू दे!"

हे सगळं ते दारासमोर उभे राहून बोलत होते. त्यांच्या मागे मुलींची रांग लागली होती, तनया पहिली, आणि कोणालाच त्यांना बाजूला व्हा म्हणायचा धीर होत नव्हता. लतिकाबाई खिडकीतून बघत होत्या. त्या हाक मारणार, एवढ्यात हौसा खराटा घेऊन पोचली.

"दादा, हितं उभं ऱ्हाऊन बोलायचं नाय," ती म्हणाली. "ही पोरींची जागा हाय. तिकडं उंदराजवळ जावा."

दादांनी फोन कानाला तसाच ठेवून मागे बघितलं. रांग बघितली. आणि, समितीचे अध्यक्ष असूनही, निमूटपणे चालत जाऊन कुंपणाशी उंदराशेजारी उभे राहिले.